डाव्या पेटीची किल्ली

१

गाडीला कुलपं पाच आणि किल्ल्या चार. ताईनं दोनदा मोजून पाहिलं आणि जुडगा बाकावर आपटला.

“पाचवी कुठाय?”

“डाव्या पेटीची नाहीये,” भोवरा म्हणाला. “बाकी सगळ्या आहेत की. तू अशी बघतेस, जणू मीच खाल्ली.”

भोवरा हा ताईचा धाकटा भाऊ. लहानपणापासून एका जागी बूड टेकवायचा नाही, म्हणून वडिलांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. ताई मात्र वडिलांच्या मागे त्यांच्याच किल्ल्यांच्या दुकानात बसली आणि बसलीच. गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा तिला ताई म्हणतात आणि साठीला आलेली गिऱ्हाइकंही ताईच म्हणतात. दहा बाय बाराचं दुकान, मागे दोन खोल्या, भिंतभर खिळे आणि खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. पंखा लावला की सगळ्या बारीक किणकिणतात.

भोवऱ्यानं लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल घेतली होती, जुनी पण दणकट. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन पेट्या, सीटमागे वर तिसरी. तीन पेट्यांची तीन कुलपं, चौथं पेट्रोलच्या टाकीचं आणि पाचवं मेन, ज्यानं गाडी चालू होते. सहा महिने एकटाच फिरणार होता पठ्ठ्या. रस्त्यात उभं राहून हातमोजे काढा, जुडगा शोधा, ही की ती करत बसा, असली कटकट त्याला नको होती. पाचही कुलपं एकाच किल्लीवर हवी होती.

“विकणाऱ्याला विचारलंस का, पाचवी हरवली का म्हणून?”

“विचारलं. म्हातारा म्हणाला, माझ्याकडे नाही. आता नाही म्हटल्यावर काय त्याचे खिसे तपासू? परवा सकाळी सातला निघतोय मी. जमेल ना?”

“न जमायला काय झालं?” ताई तोऱ्यात म्हणाली. पण तोंड फिरवून पंख्याचं बटण दाबताना तिचे डोळे भरून आले होते. भोवरा तिच्याशी अडीच वर्षांनी बोलत होता.

तीन वर्षांपूर्वी त्याला लांबच्या शहरात नोकरी लागली होती. सकाळची गाडी होती. ताईला ते सोसवेना. आई नाही, वडील नाहीत, आता हाही चालला. तिनं पहाटे उठून घराच्या दाराच्या कुलपात तारेचा तुकडा मोडून ठेवला आणि साळसूदपणे म्हणाली, “कुलूप बिघडलंय रे, तासभर दे.” गाडी चुकली, नोकरी गेली. पुढं काही महिन्यांनी ते कुलूप सहज खोलून बघताना भोवऱ्याला तारेचा तुकडा सापडला. तोही कुलूपवाल्याच्याच घरात वाढलेला. त्यानं तुकडा ताईच्या ताटाशेजारी ठेवला, बॅग भरली आणि मित्राच्या खोलीवर राहायला गेला.

आणि आता स्वतःहून काम घेऊन आला होता. हे काम चोख व्हायलाच हवं होतं.

२

खरं तर सोपा मार्ग असा की मेन कुलपाची किल्ली धरायची आणि बाकीची चार कुलपं तिच्यावर आणायची. कुलपाच्या पोटात पितळेच्या बारीक पत्त्या असतात, कमी-जास्त उंचीच्या. कुलपाचा गाभा बाहेर ओढायचा, पत्त्या बदलायच्या, परत बसवायचा. पाच घरांना एकच सून द्यायची, असं ताईचे वडील म्हणायचे आणि आई डोळे वटारायची.

उजवी पेटी झाली असती, वरची झाली असती. पण डाव्या पेटीचा गाभा काही केल्या बाहेर येईना. कोणीतरी तो रिवेट मारून पक्का केला होता. ड्रिल लावावं तर पेटीला भोक पडणार.

“आता गं बाई,” ताई पुटपुटली आणि तिनं दुसरा मार्ग धरला. आधी डाव्या कुलपाचीच किल्ली बनवायची. कोरी किल्ली आत घालून हलकेच मुरगाळायची, तिच्यावर पत्त्यांचे ठसे उमटतात, तेवढ्याच जागी कानस मारायची, परत घालायची. तासाभराचं काम. ताईचा हात त्यात असा बसलेला की ती डोळे मिटून करते. किल्ली फिरली, पेटी उघडली.

आत काही नव्हतं. धूळ नव्हती, कागदाचा कपटा नव्हता. बंद खोलीत माणूस झोपून उठल्यावर जसा कोंदट, उबदार वास येतो, तसा वास मात्र होता. ताईनं झाकण उलटं केलं आणि कुलपाची आतली बाजू उजेडात धरली.

किल्लीचं भोक नव्यासारखं होतं. त्याच्या तोंडाशी एक ओरखडा नाही. आणि आतली जीभ, म्हणजे किल्ली फिरवली की कडेला अडकते ती पट्टी, झिजून अर्धी झाली होती. वर्षानुवर्षं हात लागलेल्या दाराच्या कडीसारखी लखलखत होती. शेजारी पेटीच्या प्लॅस्टिकवर चार उभे गुळगुळीत खळगे पडले होते. ताईनं नकळत आपली चार बोटं त्यात ठेवली. बसली. अंगठा बरोबर जिभेवर आला.

तिनं हात झटकन मागे घेतला आणि स्वतःलाच हसली. सामान घासलं असेल. खडबडीत रस्ते, वर्षानुवर्षांचा प्रवास, आत डबेबिबे असणार. पेटीत काय कोणी राहतं? त्यात धड उशी मावत नाही.

मग तिनं तो निर्णय घेतला. डावं कुलूप बदलता येत नाही ना, मग राहू दे तसंच. बाकीची चार त्याच्या किल्लीवर आणू. शेवटी एक किल्ली झाल्याशी मतलब. कुठलाही कुलूपवाला हेच करेल.

३

दुपारपर्यंत चारही कुलपं झाली. एकच किल्ली टाकीला लागली, मेनला लागली, उजवीला लागली, वरचीला लागली. ताईनं तिची आणखी एक प्रत काढली, दोन्ही किल्ल्या ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधल्या आणि पेट्यांना हवा लागावी म्हणून तिन्ही झाकणं उघडी टाकून मागच्या खोलीत जेवायला बसली.

दुसरा घास तोंडात असताना आवाज आला. टक्. थोड्या वेळानं दुसरा. टक्. मग तिसरा.

चाळीस वर्षं ज्या बाईनं दुसरं काही ऐकलं नाही तिला तो आवाज ओळखायला वेळ लागत नाही. झाकण नुसतं पडलं तर धप्प होतं. हे टक् होतं. कुलपात जीभ अडकल्याचं.

ती उष्ट्या हातानं बाहेर आली. पंखा बंद होता. शटर अर्धं खाली ओढलेलं होतं, जसं तिनं ठेवलं होतं. रस्त्यावर रणरणतं ऊन आणि चिटपाखरू नाही. तिन्ही पेट्या बंद होत्या. तिनं एकेक ओढून पाहिली. कुलूपबंद.

वाऱ्यानं झाकणं पडली असतील, तिनं मनाशी म्हटलं. पण वारा कुठे होता? बरं, आपल्याच हातून पडली असतील. पण कुलूप किल्लीशिवाय लागत नाही आणि किल्ल्या ओढणीत. कुलपात स्प्रिंग राहिली असेल. पण स्प्रिंग असलेलं कुलूपच नव्हतं ते. ताई एकेक कारण काढत होती आणि एकेक कारण तिचंच ज्ञान खोडून काढत होतं. अडाणी असते तर बरं झालं असतं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तिनं हात धुतले. उरलेलं जेवण तसंच झाकून ठेवलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिनं गाडी पुसायला म्हणून सरळ करायला घेतली, तर हँडल हलेना. पूर्ण डावीकडे वळून जाम झालं होतं. मेन कुलूप उलटं फिरवलं की हँडल असं जाम होतं. चोरानं गाडी ढकलून नेऊ नये म्हणून ती सोय असते. ताईनं हँडल सरळ ठेवलं होतं. किल्ल्या अजून ओढणीच्या गाठीत होत्या. ती गाठ तिनं रात्री उशाशी ठेवली होती.

ती तिथेच स्टुलावर बसली आणि मेन कुलपाच्या भोकाकडे बघत राहिली. पाच मिनिटं गेली असतील. भोकाची उभी फट सावकाश तिरपी झाली. हँडल सुटल्याचा खट् आवाज झाला. फट आणखी फिरली आणि गाडीच्या काट्यांमागचे दिवे लागले. हिरवा, लाल, पिवळा. भर दिवसा. भोकात किल्ली नव्हती, दुकानात तिच्याशिवाय माणूस नव्हता. दिवे थोडा वेळ राहिले, मग फट उलटी फिरली, दिवे गेले, हँडल आपोआप थोडं वळलं आणि परत जाम झालं.

नवी किल्ली हातात आल्यावर माणूस ती प्रत्येक कुलपाला लावून बघतो, तसं चाललं होतं.

ताई स्टुलावरून उठली. भीती होतीच, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी होतं. चालती गाडी, शंभराचा वेग, आणि हे हँडल असं वळून जाम झालं तर? तिला पुढचा विचारच करवेना. आणि ही सोय करून दिली कोणी? तिनंच. आपल्या हातानं, कौतुकानं, कानस मारून.

विकणाऱ्या म्हाताऱ्याचा नंबर गाडीच्या कागदांवर होता. तिनं फोन लावला. आवाज सभ्य होता, थकलेला.

“डावीची किल्ली हरवली म्हणून मी नवी बनवली,” ताई म्हणाली. “पण कुलपात काहीतरी गडबड आहे. तुम्हाला कधी त्रास झाला होता का?”

“मी तिला कधी हात लावला नाही. तेवढी एक पेटी सोडून द्यायची, बाकी गाडी उत्तम.” मग त्यानं विचारलं, “बाकीची कुलपं कशी केलीत? पेटीची किल्ली बाकीच्यांवर आणलीत, की बाकीची पेटीवर?”

“बाकीची पेटीवर.”

“मेनसुद्धा?”

“मेनसुद्धा.”

“तुम्ही उलटं करायला हवं होतं हो.”

“अहो पण का? किल्ली हरवलीये म्हणालात तुम्ही.”

“मी म्हणालो, माझ्याकडे नाही.”

फोन कट झाला. नंतर ताईनं सात वेळा लावला. बंद.

मेन कुलूप खोलायला, पत्त्या बदलायला, परत बसवायला एक तास लागतो. ताईनं हत्यारं काढली, पाना हातात घेतला आणि तेवढ्यात शटर वर गेलं. भोवरा आला होता. सोबत मित्र, चेहऱ्यावर पेढे वाटायला निघाल्यासारखा आनंद.

“झाली ना? वा! दे किल्ल्या. पेट्रोल, हवा, सामान, सगळं उरकायचंय. गाडी आज आमच्याच खोलीवर ठेवतो. उद्या निघताना तुझ्या दारावरून जाईन.”

“थांब जरा. मेन कुलपात थोडं काम राहिलंय. तासभर दे.”

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि तिचं तिलाच कळलं. भोवऱ्याचा चेहरा उतरला नाही, चिडला नाही. नुसता बंद झाला.

“तू जरा बाहेर थांब,” तो मित्राला म्हणाला. मित्र गेल्यावर त्यानं हात पुढे केला. “किल्ल्या, ताई.”

“देवाशपथ सांगते, या वेळी खरं आहे. ते कुलूप आपोआप फिरतंय. मी डोळ्यांनी बघितलं. त्या डाव्या पेटीत…” पेटीत काय? कोण? “त्या पेटीचं कुलूप आतून झिजलंय रे. तू बघ तरी. आतून कोणीतरी ते उघडतं.”

भोवऱ्यानं तिच्या ओढणीची गाठ स्वतःच सोडवली, हळुवार, लहान मुलाच्या बुटाची नाडी सोडवावी तशी. डावी पेटी उघडली. आत हात घालून कोपऱ्यांतून फिरवला. रिकामी.

“बघ. कोणी नाही. घाल हात तूही.” तिनं घातला नाही. त्याच्या आवाजात राग असता तर तिनं भांडण तरी काढलं असतं. त्यात कीव होती. “मी सहा महिन्यांनी येणारच आहे ना गं. तुला सोडून नाही चाललो. पण या असल्या गोष्टी करू नकोस. आता मोठा झालोय मी, आणि तू पण.”

त्यानं दिवे लावले, बटण दाबलं, गाडी एका झटक्यात सुरू झाली. कशी छान चालते बघ, अशा अर्थानं त्यानं भुवया उडवल्या आणि तो गेला. हँडल लोण्यासारखं वळत होतं.

५

संध्याकाळी ताई मित्राच्या खोलीवर गेली. पिशवीत हत्यारं होती. मित्रानं दार उघडलं आणि दारातच उभा राहिला.

“ताई, तो म्हणालाय तुम्हाला गाडीजवळ सोडू नको. रागावू नका. मी तरी काय करू?”

“त्याला बोलव.”

“झोपलाय. लवकर उठायचंय ना.”

जिन्याखाली गाडी दिसत होती, सामान भरून तयार, वर ताडपत्री. ताई मित्राच्या खांद्यावरून तिकडे बघत होती. डाव्या बाजूची ताडपत्री हलली, फुगली, बसली. श्वासासारखी. मित्रानं मागे वळून पाहिलं तेव्हा ती स्थिर होती.

“वारा आहे,” तो म्हणाला.

“असेल,” ताई म्हणाली. दुसरं बोलून उपयोग काय होता? तिच्या शब्दाला किंमत उरली नव्हती आणि ती तिनंच घालवली होती. तीन वर्षांपूर्वीचा तारेचा एवढासा तुकडा, तांदळाच्या दाण्याएवढा. घरी परतताना ती रस्त्यात उभी राहून रडली. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

६

पावणेसातला गाडी दारात आली. कोवळं ऊन होतं, रस्ता नुकताच झाडलेला. भोवऱ्यानं हेल्मेट काढून ताईला वाकून नमस्कार केला. तिनं त्याला धरलं आणि सोडेना.

“ताई, हाड मोडशील.”

“मला एक वचन दे. हळू चालव. साठच्या वर जाऊ नकोस.”

“साठ? सायकलवाले मागे टाकतील मला.” मग तिचा चेहरा बघून तो नरमला. “बरं बाई, साठ. खूश?”

तिनं मान हलवली. त्याच्या मुठीत किल्ली होती. हिसकावून गटारात टाकता आली असती. रात्रभर तिनं हाच विचार केला होता. पण किल्ली टाकून काय होणार होतं? या गाडीला किल्ली आणखी एकाकडे होती. आणि भोवरा मग परत कधीच या दारात आला नसता.

“मी मुक्कामाला पोचल्यावर फोन करतो,” तो म्हणाला. हेल्मेट घातलं, काच खाली घेतली, सीटवर बसला. इंजिन घुमलं. तिन्ही पेट्या कुलूपबंद होत्या. ताईनं तिघींची भोकं निरखली होती. तिन्ही फटी उभ्या.

गाडी हलली आणि डावी पेटी तिच्यासमोरून जायला लागली, हाताच्या अंतरावरून. तेव्हा उभी फट आडवी झाली.

झाकण दोन बोटं उचललं गेलं. त्यातून कडेवर बोटं आली. चार. लांब, रक्त नसलेली, आणि टोकांना पितळेसारखी पिवळी झालेली. झाकणाला आतून धरून ती क्षणभर तशीच राहिली, सकाळची हवा कशी आहे ते बघावं तशी. मग प्रवासाला निघालेलं माणूस डब्याची खिडकी ओढून घेतं, तसं त्यांनी झाकण अलगद ओढून घेतलं. फट उभी झाली. टक्.

“भोवऱ्या!” ताई किंचाळली. “थांब! थांब रे! उतर खाली!”

त्यानं ऐकलं. त्याचं हेल्मेट जरासं तिच्याकडे वळलं, म्हणजे ऐकलंच. तिनं मागचा दांडा धरायला हात टाकला, बोटं नुसती निसटली. “डाव्या पेटीत कोणीतरी आहे! आईची शप्पथ, भोवऱ्या!”

आईची शप्पथ तिनं तीन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळीसुद्धा घेतली होती, मोडलेल्या कुलपापाशी उभी राहून. भोवऱ्यानं मागे न बघता डावा हात वर केला, दोनदा हलवला आणि वेग वाढवला. इथे थांबलो तर परत निघणं होणार नाही, असं त्याला वाटलं असणार. गाडी गल्लीच्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली.

ताई ऐकत उभी राहिली. मोठ्या रस्त्याला लागल्याचा आवाज आला, गिअर बदलल्याचा आला, इंजिन चढत गेलं. साठ, सत्तर, ऐंशी. ते हळूहळू लांब जाऊन विरायला हवं होतं. ते चढता चढता मध्येच तुटलं, बटण बंद केल्यासारखं.

ती अनवाणीच त्या दिशेनं धावत सुटली.